खोक्यावर 6400, हातात 1600: फिल्मसाठीचा फ्लॅटबेड स्कॅनर आठ महिने वापरल्यावर

आठ महिन्यांत 35 मिमी आणि 120 च्या (रुंद रोल फिल्मच्या) निगेटिव्ह आणि अल्बममधले बरेच जुने प्रिंट या काचेवरून गेले. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण फिल्म होल्डरसकट मिळणाऱ्या या वर्गातल्या बहुतेक फ्लॅटबेडना पुढचं गणित लागू पडतं.

खोक्यावर 6400 डीपीआय (इंचामागे इतके ठिपके) छापलंय. सेन्सर तेवढे नमुने घेतो हे खरं, पण समोरची लेन्स तेवढा तपशील त्याच्यापर्यंत पोचवत नाही. यूएसएएफ 1951 हा काचेवरचा टेस्ट चार्ट स्कॅन केला, तर पाचव्या गटातल्या पहिल्या घटकाच्या रेघा जेमतेम सुट्या दिसतात, पुढच्या एकमेकींत मिसळतात. म्हणजे मिलिमीटरला 32 रेघजोड्या. एका रेघजोडीला दोन ठिपके आणि इंचात 25.4 मिमी, म्हणून त्याला 50.8 ने गुणलं की साधारण 1600 डीपीआय. खरा आकडा हा. 35 मिमीची एक फ्रेम 6400 वर, 48 बिट टिफमध्ये (न दाबलेल्या फाइलमध्ये) सुमारे 330 एमबी होते, 3200 वर 82 एमबी. दोन्ही शेजारी ठेवून फोटोतल्या पाटीवरची अक्षरं वाचा: 3200 वर जे अक्षर लागत नाही, ते 6400 वरही लागत नाही, फक्त मोठं होऊन धूसर दिसतं.

म्हणून आधी प्रिंट किती मोठा हवा ते ठरवायचं आणि तिथून मागे यायचं. हातात धरून, फूटभर अंतरावरून बघायच्या प्रिंटला इंचाला 300 पिक्सेल लागतात. भिंतीवरचा प्रिंट दोन फुटांवरून बघितला जातो, त्याला 150 च्या आसपास पुरतात. 35 मिमीची लांब बाजू 1.42 इंच, 1600 ने गुणली की 2270 पिक्सेल. 5x7 इंची प्रिंट उत्तम येतो. 8x12 ला इंचामागे 190 च उरतात, तरी तो फ्रेममध्ये चांगला दिसतो. 12x18 मात्र 126 वर येतो आणि झाडाची पानं, केस, साडीचा बारीक काठ पहिल्यांदा मार खातात. हीच काच 6x6 ला (120 फिल्मवरच्या चौकोनी फ्रेमला) वेगळाच निकाल देते: 56 मिमीच्या फ्रेमचे 3500 पिक्सेल होतात, म्हणजे 12x12 अगदी निर्धास्त. आगफा क्लिक थ्रीसारख्या साध्या भिंगाच्या कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हला तर याहून जास्त डीपीआय देऊन काहीच हाती लागत नाही, कारण तपशील फिल्मवरच उतरलेला नाही.

मग स्कॅन थेट 1600 वर का नाही? 3200 वर करून नंतर निम्मा केला की शेजारच्या पिक्सेलची सरासरी होते, सावलीतला नॉइज (ठिपक्यांचा गोंधळ) घटतो आणि ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, खरखरीत दिसत नाही. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग बंद ठेवायचं. ते निम्मा केल्यावर, प्रिंटच्या मापाला करायचं.

डीपीआयपेक्षा कितीतरी जास्त फरक पाडते ती होल्डरची उंची. या स्कॅनरला फोकस करता येत नाही, त्याचा फोकस काचेच्या वर ठरावीक अंतरावर बांधलेला असतो आणि होल्डर त्याच उंचीवर बसेल याची खात्री नसते. 80 जीएसएमचा कागद सुमारे 0.1 मिमी जाड असतो. त्याचे तुकडे होल्डरच्या चारही पायांखाली आधी एक, मग दोन, असे पाचपर्यंत वाढवत तीच फ्रेम स्कॅन करायची आणि 100 टक्क्यांवर ग्रेन बघायचा. ग्रेनचे कण जिथे सुटे दिसतील ती उंची पक्की करून चिकटपट्टीने कायमची बांधून टाकायची. या स्कॅनरला तीन कागद लागले. दुसऱ्या नगाला एकही लागणार नाही किंवा उलट होल्डरचे पाय घासावे लागतील.

फिल्म वाकलेली असेल तर ही मेहनत वाया जाते, मधला भाग फोकसबाहेर जातो. बटर पेपरमध्ये घालून जाड पुस्तकांखाली तीन-चार दिवस दाबून ठेवा. स्कॅन करताना चकचकीत बाजू काचेकडे. फिल्म थेट काचेवर टेकवली तर इंद्रधनुषी वलयं उमटतात, होल्डर त्यासाठीच आहे.

धूळ पुसणारं डिजिटल आइस हे स्कॅनरमधलं तंत्र रंगीत निगेटिव्हवर अप्रतिम चालतं, धूळ आणि ओरखडे इन्फ्रारेडने ओळखतं. वेळ मात्र कैकपटीने वाढतो. पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर ते बंदच ठेवा. तिथली चांदी इन्फ्रारेड अडवते, प्रतिमेलाच ओरखडा समजून कडा चिखलासारख्या होतात. तिथे ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या पंपाने) धूळ उडवायची आणि हातानं रिटचिंग करायचं. पावसाळी हवेत बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुऊ नका, बुरशीने पोखरलेलं जिलेटिन विरघळून चित्रच निघून येऊ शकतं.

35 मिमीवरून 12x18 किंवा मोठे प्रिंट नेहमी काढणाऱ्यांनी हा घेऊ नये. फक्त फिल्मसाठीच्या निकॉन कूलस्कॅन स्कॅनरची 4000 डीपीआयची मॉडेलं, सेकंडहँड असली तरी, त्या आकड्याच्या जवळ खरा तपशील देतात. नाहीतर 24 मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा, 1:1 मॅक्रो लेन्स आणि लाइट पॅनल घेऊन निगेटिव्हचा फोटोच काढायचा. तिथे फ्रेमचे 6000 पिक्सेल मिळतात.

अल्बममधल्या प्रिंटना 600 डीपीआय भरपूर. 4x6 चा 8x12 होतो, त्यापुढे कागदातच काही उरलेलं नसतं. जुन्या स्टुडिओंच्या सिल्क फिनिश कागदाची जाळी मात्र चमकते, कारण दिवा एकाच बाजूने पडतो. प्रिंट एकदा सरळ, एकदा 180 अंश फिरवून स्कॅन करा, दुसरी फाइल उलटी फिरवून पहिलीवर नीट बसवा आणि वरच्या लेयरची अपारदर्शकता 50 टक्के ठेवा. जाळी बरीचशी विरते, चेहरा तसाच राहतो.