कर्बल स्पेस प्रोग्रॅम: खोट्या सूर्यमालेतलं खरं गणित

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. उपग्रहांच्या गतीचं प्रकरण कित्येक वर्षं फळ्यावर शिकवलं, पण ते अंगात मुरलं रॉकेट बांधून अवकाशात पाठवायचा हा कॉम्प्युटर गेम खेळायला लागल्यावर. याची पहिली पूर्ण आवृत्ती 2015 साली आली आणि मी अजूनही खेळतेच आहे.

मधल्या ताऱ्याला खेळाडू कर्बोल म्हणतात. त्याच्याभोवती सात ग्रह. त्यातला कर्बिन म्हणजे तिथली पृथ्वी: त्रिज्या फक्त 600 किलोमीटर, तरी गुरुत्वाकर्षण आपल्याइतकंच. हिशोब मांडला तर त्याची घनता ऑस्मियम या सर्वांत दाट धातूच्या अडीचपट भरते. असा ग्रह असणं शक्यच नाही. पण ही सूट घेतल्यामुळे सेकंदाला 2.3 किलोमीटर वेगात कक्षा मिळते आणि नवशिक्यालाही रॉकेट वर नेता येतं. मला ही तडजोड मनापासून पटते, कारण बाकीचे नियम फारसे सैल सोडलेले नाहीत.

कर्बिनच्या म्यून या चंद्राभोवती माझं एक यान इंधन संपून अडकलं होतं. सोडवायला दुसरं पाठवलं. अडकलेलं यान त्याच कक्षेत थोडं पुढे होतं, म्हणून त्याच्या दिशेनं इंजिन पेटवलं. आधी अंतर घटलं, मग वाढतच गेलं! वेग वाढवला की कक्षा मोठी होते आणि फेरीला जास्त वेळ लागतो. मग यान उलटं वळवून वेग किंचित कमी केला, कक्षा लहान झाली, आणि पुढच्या फेरीत ते यान खिडकीएवढं मोठं दिसायला लागलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जूल या ग्रहाचे चंद्र तर फारच सुंदर. लेथ, व्हॉल आणि टायलो यांना एका फेरीला लागणाऱ्या वेळेचं प्रमाण 1:2:4 आहे, अगदी गुरूच्या आयो, युरोपा, गॅनिमीडसारखं. टायलो कर्बिनएवढाच मोठा, पण वातावरण नाही. पॅराशूट निरुपयोगी, सगळा वेग इंजिनानंच मारावा लागतो.

उणीव एक जाणवते. यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं, त्यामुळे लग्रांज बिंदू, म्हणजे दोन गोलांच्या ओढीचा मेळ बसून यान त्यांच्या सापेक्ष एका जागी राहू शकतं अशा जागा, इथे नाहीतच. ते हवे असतील तर प्रिन्सिपिया हा मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोडणी) टाका.

आणि पहिल्यांदा उतरताना म्यून नको, कर्बिनचा दुसरा चंद्र मिनमस घ्या. लांब आहे, कक्षा सहा अंशांनी कललेली आहे, पण गुरुत्वाकर्षण कर्बिनच्या विसावा भाग आणि मैदानं टेबलासारखी सपाट.