वाघाडच्या पाणी वापर संस्था: पाणीवाटपाची आणि समेटाचीही सेवा

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात असलेल्या वाघाड धरणाच्या कालव्यांवर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था जी सेवा देतात, ती सिंचनाइतकीच तंटा निवारणाचीही आहे. एरवी कालव्याच्या मुखाकडचा, म्हणजे धरणाजवळचा, शेतकरी हवे तेव्हा पाणी घेतो आणि शेपटाकडची, म्हणजे शेवटच्या टोकाची, चारी (शेतापर्यंत पाणी नेणारी लहान वाट) कोरडी राहते. द्राक्षबागाईतदाराची निकड वेगळी, गहू करणाऱ्याची वेगळी, आणि विहीरवाल्याला तर कालव्याशी आपला संबंधच नाही असे वाटते.

बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्र या स्वयंसेवी संस्थेने ओझर परिसरात, म्हणजे शेपटाकडून, सुरुवात केली, हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यांच्यापर्यंत पाणी पोहोचतच नव्हते त्यांनाच संघटनेची खरी गरज होती. 1991 मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या संस्थांचे काम पाहून वरच्या भागातले शेतकरीही पुढे आले आणि 2003 मध्ये संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन या सर्व संस्थांच्या मिळून बनलेल्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आले.

या सेवेचा गाभा मोजणीत आहे. पूर्वीच्या पद्धतीत पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरून पीक आणि क्षेत्र यांवर पाणीपट्टी ठरत असे. संस्थेला मात्र पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष किती पाणी सोडले ते मोजून मिळते. मोजयंत्राच्या पट्टीवरचा आकडा कोणालाही वाचता येतो, त्यामुळे ‘आमचे पाणी वरच्यांनी पळवले’ ही तक्रार नुसत्या संशयावर टिकत नाही. शिवाय ठरलेल्या कोट्यात कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्याच्या हाती राहते, म्हणून द्राक्षवाला आणि गहूवाला एका पाळीपत्रकात (कोणाला केव्हा पाणी, याच्या वेळापत्रकात) बसू शकतात. ओझरच्या संस्थांनी नाल्यांवरील बंधाऱ्यांत पाणी अडवून विहिरींचा पाझर वाढवला आणि विहीरवाल्यांनाही या व्यवस्थेत आपला लाभ दिसू लागला. राज्याच्या पाणी वापर संस्थांविषयीच्या 2005 च्या कायद्याने संचालक मंडळात मुख, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांना प्रतिनिधित्व दिले, तेही योग्यच झाले.

एक उणीव मात्र मला गंभीर वाटते. सभासदत्व जमिनीच्या नोंदीशी बांधलेले असल्याने भूमिहीन मजूर आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकरी स्त्रिया यांना मत मांडण्याचा हक्क उरत नाही. आपल्या कालव्यावर अशी संस्था उभारू इच्छिणाऱ्यांनी वाघाड जरूर पाहावे; शेपटाची सुरुवात आणि मोजणीची शिस्त तेथून घ्यावी, परंतु ग्रामसभेत या वंचितांचे म्हणणे ऐकण्याची सोय पहिल्याच हंगामापासून स्वतः करावी.