१३ एमएम इम्पॅक्ट ड्रिल, सात-आठ महिन्यांनंतर: मोटर दमदार, वायरने छळलं

पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर पाच तारे दिले असते. फ्लॅटच्या मिवान भिंतीशी (साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या) गाठ पडल्यावर दोन दिले असते. आज चार देतोय. कापलेला एक तारा फक्त वायरपायी आहे, आणि त्यावर मी लांबलचक लिहिणार आहे, कारण वॅट, आरपीएम आणि किटमध्ये किती बिट आल्या यापलीकडे कोणी काही सांगतच नाही.

६०० वॅट, हॅमर मोड, उलट-सुलट फिरणारं, बिट पकडणारं चक चावीने आवळायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. पण पुण्याच्या बोहरी आळीत याच दराची आणखी दोन-तीन मशीन हातात घेऊन पाहिली, त्यांच्याही वायरी एवढ्याच होत्या.

एवढ्याच म्हणजे दोन मीटर. टेप लावून मोजली.

आपल्या घरात स्विचबोर्ड असतो जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर. पडद्याचा ब्रॅकेट लागतो साडेसात फुटांवर, तोही खिडकीच्या कोपऱ्यात. म्हणजे घरातलं एकही खरं काम या वायरीने होत नाही, एक्स्टेन्शन लावावंच लागतं. मग तुम्ही स्टुलावर, मशीन डोक्याच्या वर आणि एक्स्टेन्शनचा डबा हवेत लोंबकळतोय. त्याच्या वजनाने पिन सैल होते, भोक निम्म्यावर असताना मशीन बंद पडतं. खाली उतरा, पिन दाबा, परत चढा. दुसऱ्यांदा बिट त्याच भोकात घालताना हात किंचित हलतो आणि गोल भोक लांबट होतं. त्यात ६ एमएमची गिट्टी, म्हणजे स्क्रू पकडणारा प्लास्टिकचा प्लग, जागच्या जागी फिरते, स्क्रू कितीही आवळा, पकडत नाही. महिन्याभरात पडदा ओढताना ब्रॅकेट हातात येतो आणि घरचे म्हणतात भिंत भुसभुशीत आहे. भिंत ठणठणीत असते, मीटरभर वायर वाचवलेली असते.

बाकी मशीनची तक्रार नाही. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात, पक्क्या विटेच्या भिंतीत, ६ एमएमचं भोक दहा-पंधरा सेकंदांत होतं. आईने स्वयंपाकघरात मांडणी, देवघराची फळी, न्हाणीत आरसा अशी यादीच करून ठेवली होती, ती एका मुक्कामात संपली. त्याआधी सुतार भोकामागे पन्नास रुपये घ्यायचा आणि दोन भोकांसाठी यायलाच तयार नसायचा. मशीनचे पैसे मला त्या यादीतच वसूल झाले असं वाटतं.

पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये मात्र पहिल्याच भिंतीने अडवलं. दीड सेंटिमीटर आत गेल्यावर बिट पुढे सरकेना. जोर लावला तर टोक तापून निळं पडलं. तेव्हा मशीनला भरपूर बोललो. नंतर ओळखीच्या ठेकेदाराकडून तीनशे रुपये रोजाने रोटरी हॅमर आणलं आणि त्याच भिंतीत ते सरळ आत गेलं. तिथे माझं मत बदललं.

साध्या विटेची किमान ताकद आयएस (भारतीय) मानकात ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात. आरसीसीला, म्हणजे सळईच्या काँक्रीटला, आयएस ४५६ प्रमाणे कमीत कमी एम २० काँक्रीट लागतं, म्हणजे त्याच मापात २०, आणि मिवानच्या इमारतीत आतल्या भिंतीही काँक्रीटच्याच असतात. आपल्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्यातून ठोके बसतात. मिनिटाला हजारो ठोके, पण प्रत्येक अगदी हलका, मागचा दाब आपल्या खांद्याचा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबून आतला ठोकळा फेकतो. ठोके कमी, पण एकेक जोरकस, आणि एसडीएस (खाचांच्या दांड्याची) बिट चकात मागेपुढे सरकायला मोकळी असल्याने ठोका पूर्ण टोकापर्यंत जातो. त्यामुळे काँक्रीटवरून या मशीनला नावं ठेवणं मला पटत नाही. ज्यांचा फ्लॅट मिवानचा आहे त्यांनी सगळ्या भोकांच्या खुणा आधी पेन्सिलने करून ठेवाव्यात आणि रोटरी हॅमर एक दिवस भाड्याने आणावं. विकत घेऊन माळ्यावर ठेवण्यात पैसे अडकवू नयेत. मधेच बिट एकदम थांबून किंचाळली तर खाली सळई आहे, इंचभर बाजूला सरका. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली कधीही भोक पाडू नका, वायरिंगचा पाइप तिथूनच जातो.

किटमधल्या पांढऱ्या गिट्ट्या वापरू नका. मऊ प्लास्टिक, स्क्रू आत शिरताना फुगण्याऐवजी चिरतात. नायलॉनच्या घ्या. आर्थर फिशरने १९५८ मध्ये केलेली नायलॉनची गिट्टी अजून मिळते, तिला चार पैसे जास्त पडले तरी चालतील. ६ एमएमच्या गिट्टीला ८ नंबरचा स्क्रू. जुन्या घरात प्लास्टरच दीड सेंटिमीटर असतं, तेव्हा भोक खोल घ्या, गिट्टी विटेत बसली पाहिजे. प्लास्टरात अडकलेली गिट्टी भरल्या डब्यांची फळी तोलत नाही.

आता वायरचं पुढचं प्रकरण. पाचव्या महिन्यात, साताऱ्यालाच, मशीन बंद-चालू होऊ लागलं. वायर डावीकडे वाकवली की चालू, सोडली की बंद. हँडलमधून वायर निघते तिथे जे रबरी बूट असतं ते इतकं कडक आहे की वायर बुटाबरोबर वळतच नाही, बुटाच्या तोंडाशी काटकोनात मोडते. मल्टिमीटर लावून बुटाजवळ वायर हलवली, बीप येत-जात होता. आतली तांब्याची तार तुटली होती, वरचं आवरण मात्र शाबूत.

वॉरंटी सहा महिन्यांची, म्हणून पुण्यात सर्व्हिस सेंटरला नेलं. काउंटरवरच्या मुलाने पाहिलं आणि म्हणाला, "सर, वायर वॉरंटीत येत नाही. साडेचारशे होतील." कार्ड काढून दाखवलं. त्यात वगळलेले भाग नावानिशी छापलेत: कार्बन ब्रश, चक, बिट आणि "झीज होणारे इतर भाग". वायर झिजते का? "तुम्ही ओढली असेल, सर." दोन मीटरची वायर स्टुलावर चढलेल्या माणसाकडून ओढली जाणार नाही तर काय होणार? मुलगा उद्धट नव्हता, त्याच्या संगणकावर मोफत वायर हा पर्यायच दिसत नव्हता. पण साडेचारशे देऊन तीच कडक, तीच दोन मीटरची वायर पुन्हा लावून घ्यायला मन तयार होईना.

वॉरंटी संपेपर्यंत थांबलो आणि तपकीर गल्लीतून दोन कोअरची, १ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर आणली, पाच मीटर. ६०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला अडीच-पावणेतीन अँपिअर, तेवढ्याला ही पुरेशी आहे. अर्थिंगची तिसरी तार लागत नाही, कारण मशीन डबल इन्सुलेशनचं आहे. नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असेल तरच हे लागू. पिन काढून हँडलचे स्क्रू खोलले की स्विच दिसतो, वायरची दोन टोकं त्यातच बसतात. त्याच्या खालचा क्लॅम्प वायरच्या बाहेरच्या आवरणावर घट्ट बसला पाहिजे, नाहीतर ओढ थेट स्विचवर येते. हाताला सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. जुनं बूट मी वापरलंच नाही, मऊ रबराचं दुसरं लावलं.

त्या दिवसापासून हे वेगळंच मशीन आहे. डबा लोंबकळत नाही, भोक एका दमात होतं, साताऱ्याचा राहिलेला पडद्याचा रॉड बसवला तो हलत नाही. एवढ्या चांगल्या मोटरला इतकी भिकार वायर का लावावी, याचा मला मनापासून राग आहे. कारखान्यात आणखी तीन मीटर वायरला जो काही खर्च येत असेल, तो मी किमतीत हसत दिला असता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. कंपनीने उत्तरात "वायर वॉरंटीत बसत नाही" एवढंच पुन्हा लिहिलं. मी कार्डाचा फोटो परत जोडला आहे आणि विचारलं आहे की वगळलेल्या भागांत वायर कुठे लिहिली आहे ती ओळ दाखवा. उत्तर यायचं आहे.