रविवार कारंज्याचं तिकिटांचं दुकान: जिना उभा आहे, तरी जा

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर पोस्टाच्या तिकिटांचं आणि नाण्यांचं दुकान आहे. मी तिथे गेले ती एकाच तिकिटासाठी: बांगलादेशाचं, २१ फेब्रुवारी १९७२ चं, वीस पैशांचं, शहीद मिनारचं, म्हणजे ढाक्यातल्या भाषा-हुतात्म्यांच्या स्मारकाचं. १९७१ चं युद्ध संपल्यावर त्या देशानं नव्या चित्राचं काढलेलं हे पहिलं तिकीट, आणि ते छापलं गेलं आपल्या नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये. अण्णा, माझे वडील, तेव्हा प्रेसमध्ये होते. गेटवर झडती द्यायची आणि आतलं काम आतच ठेवायचं, ही त्यांची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. बांगलादेशाच्या पहिल्या नोटाही आपल्याकडेच छापल्या, हे मला त्यांच्याकडून नाही, वाचून कळलं.

तिकीट मिळालं. दीडशे रुपये, कोरं, मागचा गोंद शाबूत. काम पाच मिनिटांत झालं असतं, पण मी दोन तास बसले, आणि म्हणून हे लिहिते आहे.

दुकानाच्या मालक काकांनी नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांचे वेगळे अल्बम केले आहेत. प्रत्येक संचाखाली हातानं लिहिलेली चिठ्ठी: देशानं स्वातंत्र्य जाहीर केलं कधी, पहिली मान्यता कोणाची, संयुक्त राष्ट्रांत प्रवेश कधी. एका अल्बमवर लिहिलंय ‘मान्यतेविना’. त्यात कटांगा आहे. १९६० साली काँगोपासून फुटला, तिकिटं काढली, एकाही देशानं मान्यता दिली नाही, १९६३ च्या सुरुवातीला संपला. पुढच्याच पानावर बांगलादेशाची २९ जुलै १९७१ ची आठ तिकिटं. लंडनमध्ये राहणाऱ्या बिमान मल्लिकांनी काढलेली चित्रं, आणि किमती रुपयांत, कारण ‘टाका’ हे बांगलादेशाचं चलन अजून जन्मालाच आलं नव्हतं.

मला ते खटकलं. म्हटलं, “काका, हे इथे कसं? आपण मान्यता दिली होती की.”

“कधी दिली, ताई?”

“सहा डिसेंबरला.”

“आणि तिकीट कधीचं?”

मी गप्प बसले. जुलैत ती तिकिटं निघाली तेव्हा त्या देशाला जगात कोणीही देश म्हणत नव्हतं. त्यांचे नेते शेख मुजीब पाकिस्तानच्या तुरुंगात, सरकारचा कारभार कोलकात्यातून, आणि तरी दहा पैशांच्या तिकिटावर नकाशा छापलेला. भारताची मान्यता सव्वाचार महिन्यांनी आली, भूतानचीही त्याच दिवशी. ब्रिटननं फेब्रुवारी १९७२ मध्ये दिली, अमेरिकेनं एप्रिलमध्ये. पाकिस्ताननं २२ फेब्रुवारी १९७४ ला, आणि चीननं तर १९७५ च्या ऑगस्टअखेर. त्याआधी १९७२ मध्ये चीननं नकाराधिकार वापरून बांगलादेशाचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश अडवला होता. तो झाला १७ सप्टेंबर १९७४ ला. हे सगळं त्या एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात आहे. अल्बमची मांडणी बरोबर आहे, हे मी मान्य केलं. तो संचही घेतला, सहाशे रुपयांना.

पण सगळ्यात मोलाची वस्तू विकायला नाही, फक्त दाखवतात. रोडेशियाहून, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेहून, इंग्लंडला गेलेलं एक पाकीट. तिथल्या गोऱ्यांच्या सरकारनं ११ नोव्हेंबर १९६५ ला परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. ब्रिटननं ते मानलं नाही, आणि त्या सरकारची स्वातंत्र्याची तिकिटंही अवैध ठरवली. पाकिटावर तिकीट आहे, शिक्का आहे, आणि वर ब्रिटिश पोस्टाची दंडाची खूण. म्हणजे पत्र घेणाऱ्यानं पैसे मोजायचे, जणू तिकीट लावलेलंच नाही. मान्यता म्हणजे राजदूत, झेंडे, करार असं मी शाळेत घोकलं होतं. इथे ती एका टपाल कारकुनाच्या हाताखाली बसलेली दिसली. मी ते पाकीट भिंगाखाली कितीतरी वेळ धरून होते. काकांनी एकदाही घाई केली नाही.

आता तक्रारी. नायजेरियातून फुटलेल्या बियाफ्राची तिकिटंही ‘मान्यतेविना’मध्येच आहेत, आणि ते मात्र चूक आहे. टांझानियानं एप्रिल १९६८ मध्ये मान्यता दिली, मागोमाग गॅबन, आयव्हरी कोस्ट आणि झांबियानं. त्यानंतर निघालेल्या तिकिटांना काकांचाच नियम लावायला हवा. बियाफ्रा १९७० मध्ये संपला म्हणून ती मान्यता पुसली जात नाही. मी सांगितलं, त्यांनी वहीत टिपून घेतलं. दुसरं, काही अल्बमची पानं साध्या प्लॅस्टिकची आहेत. पावसाळ्यात तिकिटं त्यांना चिकटतात, दोनांवर पिवळे डाग मी स्वतः पाहिले. घेताना चिमट्यानं काढून मागची बाजू बघाच. जिना फार उभा आहे, कठड्याला दोर बांधलाय तेवढाच. गाडी कारंज्यावर लावायच्या फंदात पडू नका, शालिमारहून चालत या.

जिन्यामुळे अण्णांना नेता आलं नाही. संध्याकाळी जेल रोडला घरी ते वीस पैशांचं तिकीट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी खिडकीशी जाऊन उजेडात धरलं, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं.

“रजिस्टर बरोबर बसलंय,” म्हणाले. म्हणजे रंगांचे छापे नेमके एकावर एक आलेत. मग आईला हाक मारली, “अगं, इकडे ये. हे आमचं.”