फॉलिक ॲसिडच्या गोळीसोबत अकरा महिने

गेल्या जूनमध्ये, मूल हवे असे आम्ही दोघांनी ठरवल्यावर, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे केलेल्या पहिल्याच फेरीत माझ्या हाती फॉलिक ॲसिडची चिठ्ठी आली. आज मला सातवा महिना चालू आहे. या काळात गोळीचे स्वरूप दोनदा बदलले, एकदा चूकही झाली, आणि सुरुवातीला ऐकीव माहितीवर घेतलेली ही गोळी नेमकी कशासाठी आहे हे मला बरेच उशिरा समजले.

प्रथम हे सांगायला हवे की या गोळीने अंगात काहीही जाणवत नाही. मळमळ, जळजळ, गुंगी यांपैकी मला काही झाले नाही, पण तरतरीही आली नाही. केस दाट होतात, त्वचा उजळते असे मैत्रिणींनी सांगितले होते. अकरा महिन्यांत माझ्या केसांत तरी फरक पडलेला नाही. म्हणूनच ती विसरायला फार सोपी असते. पहिल्या महिन्यात माझे सात-आठ दिवस चुकले, तेव्हा मी पाकीट टूथब्रशच्या पेल्याजवळ ठेवायला लागले आणि मगच नियम बसला.

दिवस राहिल्यावर गोळी सुरू केली तर चालत नाही का, असा प्रश्न माझ्या सासूबाईंनी विचारला होता आणि मलाही तो रास्त वाटला होता. त्याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, जिला डॉक्टर न्यूरल ट्यूब म्हणतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात, चाचणी करावी की थोडे थांबावे असा विचार घरात चालू असतो, आणि तोवर ते काम आटोपलेले असते. ती नळी नीट मिटली नाही तर स्पायना बायफिडासारखे, म्हणजे पाठीचा कणा पुरता न मिटण्याचे, व्यंग राहते. म्हणून गोळी किमान महिनाभर आधी सुरू करून पहिले बारा आठवडे घ्यायची असते, आणि सर्वसाधारण स्त्रीसाठी तिची मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम इतकीच असते.

चूक झाली ती याच मात्रेत. चिठ्ठीवर ‘फॉलिक ॲसिड, रोज एक’ एवढेच लिहिलेले होते, आणि मेडिकलवाल्याने त्याच्याकडे नेहमी खपणारी ५ मिलिग्रॅमची गोळी दिली, जी ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट असते. दोन महिने मी ती निमूटपणे घेतली. मोठी मात्रा मुळात वाईट असते असे नव्हे. आधीच्या बाळाला असे व्यंग होते, मधुमेह आहे किंवा फिट्सची काही औषधे चालू आहेत, अशा स्त्रियांना डॉक्टर ४ किंवा ५ मिलिग्रॅम विचारपूर्वक देतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या ब्रिटिश चाचणीत ४ मिलिग्रॅमने व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला, तीसुद्धा आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांवरच केलेली होती. माझ्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते.

ऑगस्टमध्ये हाता-पायांना मुंग्या येऊ लागल्या म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी पाकीट पाहिले आणि बी-१२ तपासायला सांगितले. ते १४८ निघाले. २००च्या खाली कमतरता धरतात. आमच्या घरी मांसाहार तर नाहीच, अंडेही नाही, आणि दूध माझ्या चहापुरते. डॉक्टरांनी समजावले ते असे, की बी-१२च्या कमतरतेने रक्तात जो बिघाड दिसतो तो जास्त फॉलिक ॲसिडमुळे झाकला जातो, पण नसांची हानी आतून चालूच राहते. मुंग्या गोळीने आल्या नव्हत्या, पण गोळीमुळे त्यांचे कारण लपू शकले असते. मग बी-१२ची इंजेक्शने झाली आणि ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, जी मिळवायला मला तीन दुकाने हिंडावी लागली. शाकाहारी घरातल्या बाईने गोळीच्या आधी किंवा निदान सोबत ही तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याच शोधात एका दुकानात मिथाइलफोलेटची, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या दुसऱ्या रूपाची, बरीच महाग गोळी ‘ही जास्त शुद्ध’ म्हणून पुढे करण्यात आली. मी ती घेतली नाही, कारण हे व्यंग टाळण्याचा सिद्ध झालेला पुरावा साध्या फॉलिक ॲसिडचाच आहे.

पालेभाज्या खाल्ल्या तर गोळी कशाला, हाही घरातला वाद. पालक, राजगिरा, चवळी, मसूर, हरभरा यांत फोलेट, म्हणजे याच जीवनसत्त्वाचे अन्नातले रूप, भरपूर असते, पण ते पाण्यात उतरते आणि शिजवताना बरेच नष्ट होते. शिवाय अन्नातले फोलेट गोळीतल्या फॉलिक ॲसिडइतके अंगी लागत नाही. सासूबाई डाळी-कडधान्यांचा कट टाकून न देता आमटीला वापरतात, ती पद्धत उत्तमच आहे, तरी तिने गोळीची जागा भरत नाही.

लालबागच्या आमच्या घरापासून हाफकिन संस्था फार लांब नाही. १९२८ साली भारतात आलेल्या लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी तिथेच काम करताना गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ साली मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड ठरला. माझी पणजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, त्यामुळे हे वाचल्यापासून त्या रस्त्याने जाताना माझी पावले थोडी रेंगाळतात.

बारा आठवड्यांनंतर मला लाल गोळी सुरू झाली, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. बद्धकोष्ठ आणि काळी शी हे त्रास याच गोळीत आले, आणि ते लोहाचे आहेत. माझे हिमोग्लोबिन १०.४ वरून ११.६ झाले तेही लोहामुळे. नुसत्या फॉलिक ॲसिडवर ते हलले नव्हते. चहा गोळीपासून तासभर लांब ठेवते, कॅल्शियम रात्री घेते.

फेब्रुवारीतल्या सोनोग्राफीत बाळाचा पाठीचा कणा व्यवस्थित दिसला. ते गोळीचे श्रेय असे मी म्हणू शकत नाही, कारण बहुतेक बाळांचे कणे गोळीशिवायही नीट घडतात, आणि माझे बाळ कोणत्या गटातले होते हे कळण्याचा मार्ग नाही. धाकट्या नणंदेचे लग्न मार्गशीर्षात आहे. तिला मी सध्या एवढेच सांगितले आहे की आधी बी-१२ तपासून घे, आणि चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे आकडा लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नकोस.