वळवई ते रायबंदर: मांडवीचा दुर्लक्षित जलमार्ग आणि त्यावरचे मुक्काम

गोव्यात मांडवी पाहायची म्हणजे पणजीच्या जेटीवरून संध्याकाळच्या बोटीत बसायचे, असे समीकरणच होऊन बसले आहे. त्या जेटीच्या बरेच वर, फोंडा आणि डिचोली तालुक्यांच्या मधून, हीच नदी खाजनांना, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींना, आणि बेटांना वळसे घालत येते. तिथे एखादी मासेमारीची होडी सोडली तर पाण्यावर दिवसभर कुणी दिसत नाही. वळवईपासून पणजीजवळच्या रायबंदरपर्यंतचा, नदीच्या वळणांसह वीसेक किलोमीटरचा हा पल्ला आम्ही दोघांनी भाड्याच्या कयाकमधून, वाटेत एका रात्रीचा मुक्काम करून पार केला. पाण्याचा विचार केला तर गोव्यातल्या उत्तम मार्गांत त्याची गणना व्हावी. काठावरच्या मुक्कामाच्या जागा मात्र कुणीच वाली नसल्यासारख्या पडून आहेत, आणि या परीक्षणाचा मोठा भाग त्यांच्याविषयीच आहे.

आधी पाण्याविषयी लिहितो, कारण इथे वल्ह्यापेक्षा भरती-ओहोटीचे गणित महत्त्वाचे आहे. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत पोचतो, आणि त्यातल्या पहिल्या ४० किलोमीटरांत पाण्याची चढउतार फारशी कमी होत नाही, हे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. म्हणजे वळवईला नदी कितीही शांत आणि गोड्या पाण्याची वाटली, तरी तिथेही समुद्राचेच वेळापत्रक चालते. ओहोटी धरली तर नदी आपल्याला खाली नेते आणि ती चुकली तर तेच अंतर दुप्पट कष्टाचे होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरदार असतो, पण त्या दिवशी पूर्ण भरती साधारण दुपारच्या सुमारास येते आणि ओहोटी लागेपर्यंत समुद्रावरचा पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येऊ लागतो. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असल्याने प्रवाह मंद असतो, मात्र पूर्ण भरती सकाळी लवकर येते आणि वारा सुटण्याआधीची थंड, सपाट पाण्याची वेळ हाती लागते. आम्ही अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडले आणि तीच निवड योग्य होती, असे माझे ठाम मत आहे. नदीच्या वरच्या अंगाला भरती पणजीपेक्षा उशिरा लागते, हे लक्षात घेऊनच भरती-ओहोटीचा तक्ता वाचावा.

कयाक ज्या व्यावसायिकाकडून घेतली, त्याची सेवा मध्यम प्रतीची होती. दोघांची, वर बसून वल्हवायची जाड प्लॅस्टिकची कयाक भक्कम होती, तळाचे बूच घट्ट होते, आणि पिकअपमधून वळवईच्या धक्क्यावर ती वेळेवर पोचलीही. तक्रार आहे ती लाइफ जॅकेटविषयी. सगळी जॅकेटे एकाच मापाची होती, आणि माझ्या सडपातळ सोबत्याचे जॅकेट पट्टे पूर्ण आवळूनही खांद्यावरून वर सरकत होते. शिवाय हाती दिलेल्या नकाशावर भरतीच्या वेळांचा उल्लेखच नव्हता, आणि या मार्गावर ही उणीव गंभीर ठरते. भाडे दोघांत वाटले तर परवडण्याजोगे आहे.

वळवई सोडल्यावर सुर्ल आणि आमोण्याच्या बाजूला नदीकाठी खनिज भरण्याचे धक्के लागतात. एके काळी या नदीत लोहखनिज वाहणाऱ्या बार्जींची, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींची, रांग लागलेली असे. २०१२ साली खाणी थांबल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द ठरवले. त्यानंतर यांतले अनेक धक्के ओस पडले. बार्ज पूर्णपणे गेलेल्या नाहीत, त्यामुळे वळणावर काठाला चिकटूनच राहावे. भरलेल्या बार्जीला एवढीशी कयाक चुकवायला वळता येत नाही. एका धक्क्यावर आम्ही जेवणासाठी थांबलो. चिऱ्यांचा रुंद ओटा, दोर बांधायचे लोखंडी खुंटे, खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा गंजून भोके पडलेला सांगाडा आणि त्याच्या पायाशी पावसाने वाहून आणलेला लाल गाळ, असे ते दृश्य होते. सपाट, उंच, भरतीच्या रेषेच्या वर असलेली आणि झाडांची सावली मिळालेली अशी जागा तंबूसाठी शोधूनही सापडणार नाही. तरीही तिथे राहण्याचा सल्ला मी देणार नाही. पाण्याकडच्या पायऱ्या मोडलेल्या आहेत, कोपऱ्यात फुटक्या बाटल्यांचा खच आहे, आणि जमीन खाजगी असल्याने संध्याकाळी कुणी येऊन हटकले तर आपल्याकडे उत्तर नसते.

आमचा मुक्काम पुढे, जुवे बेटाच्या अलीकडे, एका खाजनाच्या बांधावर झाला. बांधाला एका जागी चांगली रुंदी आहे आणि शेजारी मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे झडपांचे दार, आहे. कधी काळी कुणीतरी तिथे पत्र्याची शेड उभारून दोन सिमेंटचे बाक घातले होते. आज शेडचे अर्धे पत्रे उडालेले आहेत, एका बाकाचा पाय खचला आहे, आणि शेडच्या आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग आहे. तास-दीड तास खपून आम्ही तो ढीग पोत्यात भरला आणि दुसऱ्या दिवशी कयाकच्या मागच्या खणात घालून सोबत नेला, कारण जवळपास कचरा टाकायला अधिकृत जागाच नव्हती.

एवढे असूनही ती रात्र या संपूर्ण प्रवासातला सर्वांत मौल्यवान भाग ठरली, आणि त्याचे कारण म्हणजे ते मानस. लाकडी झडपा नदीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. माणसाने हात लावावा लागत नाही. खारे पाणी भातशेतीत शिरू न देणारी ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या गावकऱ्यांनी जपली. रात्री ओहोटी लागली तेव्हा मासेमारीचा हक्क लिलावात घेतलेले दोघे जण टॉर्च घेऊन आले आणि त्यांनी झडपेच्या तोंडाशी जाळे लावले. पाणी आधी बारीक फटीतून, मग एकदम मोठ्या आवाजाने सुटले. जाळे वर आले तेव्हा त्यात सुंगटे (कोळंबी), शेवटे मासे आणि बोटाएवढे खेकडे होते, आणि अगदी लहान खेकडे त्यांनी निवडून परत पाण्यात सोडले. बांधाला खेकड्यांची बिळे पडतात, बार्जींच्या लाटा लागतात, आणि वेळेवर माती-दगड भरला नाही तर एका उधाणात शेत खारवते, असे त्यांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी सांगितले. तंबू कुठे लावू नये, हेही त्यांनीच दाखवले. बांधाच्या कडेला खुंटी ठोकली तर माती सैल होते, म्हणून खुंट्यांऐवजी दगड ठेवावेत. शेतकऱ्यांच्या टेनंट असोसिएशनला, म्हणजे कुळांच्या संघटनेला, आधी विचारल्याशिवाय कोणत्याही बांधावर राहू नये, ही सूचना मी आग्रहाने करतो. आम्हाला होकार सहज मिळाला. चूल पेटवण्याचा विचारही करू नये. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे आणि बाटल्या फोडणे २०१९ पासून दंडनीय आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी सुकलेल्या गवताच्या बांधावर आग धोक्याचीच. पोई (गोव्याचा पाव), सुकी भाजी आणि भरपूर पिण्याचे पाणी नेले की काम भागते. नदीचे पाणी इथे खारट असते.

मगरींविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरींची वस्ती आहे. गोड्या पाण्यात राहणारी ही जात इथे मचूळ पाण्यात टिकून आहे, आणि त्या परिसरातल्या खाजनांच्या काठी पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजाही होते. म्हणून सारमानस या काठावरच्या ठिकाणाच्या पुढे डावीकडे कालव्याच्या तोंडाकडे न जाता उत्तरेची शाखा धरावी, संध्याकाळनंतर पाण्यात उतरू नये, आणि तंबू पाण्याच्या कडेला न लावता बांधाच्या माथ्यावरच लावावा. घाबरून मार्ग सोडण्याचे कारण नाही, पण हात-पाय पाण्यात सोडून वाहत जाण्याची ही नदी नव्हे.

दुसऱ्या दिवसाचा टप्पा सोपा आहे आणि इतिहासाने भरलेला आहे. जुवे बेटावरचा किल्ला १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने रातोरात घेतला होता. पाण्याच्या पातळीवरून पाहिल्यावरच लक्षात येते की ही टेकडी ज्याच्या हाती, त्याच्या हाती नदीची ही वळणे. पुढे नार्वे लागते. दिवाडीवरचे मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर सप्तकोटेश्वर इथे आला, १६६८ साली शिवाजी महाराजांनी मंदिर बांधवले आणि अलीकडे २०२३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला. फेरीच्या धक्क्यावर कयाक बाजूला ओढून, सोबत्याला राखणीला बसवून, मंदिरापर्यंत चालत जाऊन यावे. थोडी ओहोटी वाया गेली तरी चालेल. त्यापुढे दिवाडी आणि चोडण या दोन बेटांच्या मधली खारफुटी दोन्ही बाजूंनी जवळ येते आणि वल्ह्याचा आवाजही मोठा वाटू लागतो. आम्हाला पाणमांजराच्या पावलांचे ठसे चिखलात दिसले, प्राणी मात्र दिसला नाही. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या खाड्यांत शिरायचे असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी आणि भरतीची वेळ धरावी. ओहोटीला कयाक चिखलात रुतते.

मांडवी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाली आहे, तिचा क्रमांक ६८. त्या जलमार्गावर छोट्या नौकेने येणाऱ्या माणसाला उतरायला धड पायऱ्या नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते. मागणी मोठी नाही: वळवई, जुवे आणि नार्वे इथे प्रत्येकी एक दुरुस्त घाट, एक झाकणाची कचराकुंडी, आणि मुक्कामासाठी कुणाची परवानगी लागते हे मराठी-कोकणीत लिहिलेला फलक. रिसॉर्ट, तरंगते हॉटेल किंवा दिव्यांची रोषणाई इथे येऊ नये. ओस धक्क्यांपैकी एखादा पंचायतीकडे आला आणि बांधाच्या देखभालीसाठी मुक्कामाचे माफक शुल्क शेतकऱ्यांच्या संघटनेला मिळू लागले, तर त्या मोडक्या शेडची दुरुस्तीही होईल आणि मानसाच्या झडपाही वेळेवर बदलल्या जातील.

ज्यांना पोहता येते, पहाटे उठण्याची तयारी आहे आणि स्वच्छतागृहाविना एक रात्र काढता येते, त्यांनी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हा मार्ग जरूर करावा. लहान मुलांना घेऊन मात्र मुक्काम करू नये, फक्त नार्वे ते रायबंदर हा एका सकाळचा टप्पा करावा. रायबंदरला फेरीबोटींची ये-जा सतत असते, त्यामुळे फेरी काठाला लागून माणसे उतरेपर्यंत बाजूला थांबावे आणि मगच धक्क्याकडे वळावे. उतरत्या फरशीवर शेवाळ असते. अनवाणी उतरू नये.