म्युनिक, एर्लांगेन की फोर्शहाइम: बिअर फेस्ट आणि जिओकॅशिंग एकाच ट्रिपमध्ये करायचं तर जायचं कुठे?

न्युरेंबर्गला राहायला आल्यापासून दरवर्षी एप्रिल-मे आला की फोन सुरू होतात, अरे आम्ही येतोय, म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट बघायचाच आहे. त्यातल्या ज्यांना माझं जिओकॅशिंगचं वेड माहितीये ते हळूच विचारतात की दोन्ही एकत्र जमेल का. जमतं की. पण कुठे जाताय त्यावर सगळं आहे, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईतल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल: एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर फोर्शहाइमचा आनाफेस्ट, आयुष्यात एकदा तो प्रचंड तमाशा डोळ्यांनी बघायचा असेल तर म्युनिक (पण मग कॅशिंग दुसऱ्या दिवशी), आणि मे-जूनमध्ये येणार असाल तर एर्लांगेनची बेर्गकिर्शवाय (तिथला टेकडीवरचा बिअर फेस्ट), तिथे थोडं डोकं लावलं तर दोन्ही छान होतं.

ज्यांना कॅशिंगच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. कोणीतरी डबी लपवतं, तिचे को-ऑर्डिनेट्स ॲपवर टाकतं, आपण फोन घेऊन जायचं, शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि होती तिथेच परत ठेवायची. 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली, दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकाने जंगलात बादली पुरली आणि खेळ सुरू झाला. अमेरिकेनंतर सगळ्यात जास्त कॅशेस जर्मनीत आहेत. इथले लोक त्याला 'डोझं' म्हणतात, म्हणजे चक्क डबा. न खेळणाऱ्याला मगल म्हणायचं, आणि मगलच्या नजरेत न येता डबा काढायचा ही खरी गंमत. आता विचार करा, बिअर फेस्ट म्हणजे काय, मगलांचा समुद्र.

म्युनिकपासून सुरू करू. 1810 च्या ऑक्टोबरमध्ये राजपुत्र लुडविग आणि थेरेसाचं लग्न झालं, त्या निमित्ताने गावाबाहेरच्या मैदानात घोड्यांची शर्यत झाली, त्या मैदानाला थेरेसाचं नाव पडलं आणि फेस्ट आजही तिथेच, थेरेसियनवीसवर. सहा ब्रुअरीज, चौदा मोठे तंबू, पहिल्या शनिवारी दुपारी बाराला महापौर पहिला पिंप फोडतो. माणसं साठ-सत्तर लाखांच्या घरात येतात, दोन-अडीच आठवड्यांत. बघण्यासारखं आहे, नाही म्हणणारा मी कोण, पहिल्यांदा तंबूत शिरलो आणि हजारो माणसं बाकांवर उभी राहून एकच गाणं म्हणतायत हे बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण कॅशर म्हणून गेलात तर त्रासच त्रास. पहिली गोष्ट बॅग. फेस्टच्या दिवसांत मैदानाला कडं असतं आणि आत फक्त तीन लिटरपर्यंतची बॅग चालते, 20 बाय 15 बाय 10 सेंटीमीटर, सॅक अजिबात नाही, 2016 पासून हा नियम आहे. मी पहिल्या वर्षी आपला नेहमीचा सरंजाम घेऊन गेलो होतो, टॉर्च, लांब चिमटा, दांडीला लावलेला आरसा, चुंबकाची काठी, असं सगळं. गेटवरच्या माणसाने एकेक वस्तू बाहेर काढली, आरसा हातात धरून माझ्याकडे बघितलं, परत आरशाकडे बघितलं. मी म्हटलं जिओकॅशिंग. तो म्हणाला, आज नाही. सामान पैसे भरून ठेवून आलो तोपर्यंत रांग कुठल्या कुठे गेली होती.

दुसरं म्हणजे तिथे उगाच कठड्याखाली हात घालून चाचपणं हे शोभत नाही, आणि खरं सांगायचं तर करूच नये. 26 सप्टेंबर 1980 ला याच फेस्टच्या मुख्य दारात बॉम्ब फुटला होता, तेरा माणसं गेली, तिथे स्मारक आहे. 2025 मध्ये पण 1 ऑक्टोबरला धमकी आल्यामुळे संध्याकाळपर्यंत मैदान बंद ठेवलं होतं. अशा ठिकाणी बाकाखाली डबी चिकटवणारा माणूस पोलिसांना कसा दिसेल ते तुम्हीच ठरवा. त्यामुळे मैदानात फोन खिशात. फार तर बव्हारियाच्या पुतळ्यापाशी जा, साडेअठरा मीटर उंच बाई आहे, 1850 ची, आतून जिना आहे आणि डोक्यातल्या फटीतून सगळं मैदान दिसतं. तिच्या आसपासच्या उतारावर मात्र संध्याकाळनंतर शोधाशोध करायला जाऊ नका, त्या टेकाडाला लोकांनी दिलेल्या नावाचा अर्थ सरळ सरळ ओकारीची टेकडी असा आहे.

मग म्युनिकमध्ये करायचं काय, तर मैदान सोडून बाकी शहर. वेस्टपार्क जवळच आहे, 1983 च्या बागकाम प्रदर्शनासाठी बनवलेला, आत चिनी बाग, नेपाळी पॅगोडा, सकाळी आठला गेलात तर फक्त कुत्रे फिरवणारे लोक. इसार नदीचा काठ आहे, इंग्लिश गार्डन आहे. जिथे डबी नसते, फक्त जागेवर जाऊन प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं असे प्रकार शहरात जास्त सोयीचे पडतात, ते व्हर्च्युअल किंवा ॲडव्हेंचर लॅबवाले. एक सांगतो, गर्दीच्या वेळी मैदानाजवळ नेट रडतं, त्यामुळे नकाशा आणि कॅशची माहिती आधीच डाउनलोड करून ठेवा, फुकटच्या अकाउंटमध्ये ते होत नाही आणि सगळे कॅशेस दिसत पण नाहीत, एक महिन्याची मेंबरशिप घेऊन टाका.

आता एर्लांगेन. न्युरेंबर्गहून ट्रेनने वीसेक मिनिटं. इथल्या आपल्या लोकांना हे गाव नव्याने सांगायला नको, सीमेन्स आणि युनिव्हर्सिटीमुळे मराठी माणसं भरपूर, फेस्टच्या रांगेत मागून "अगं पर्स नीट धर" असं ऐकू आलं तर दचकू नका. बेर्गकिर्शवाय 1755 पासून चालू आहे म्हणजे ऑक्टोबरफेस्टपेक्षा पंचावन्न वर्षांनी मोठी, आणि गावातले लोक ही गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहत नाहीत. पेंटेकॉस्टच्या (इस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण) आधीच्या गुरुवारी संध्याकाळी पाचला सुरू होते, बारा दिवस चालते, तारीख इस्टरप्रमाणे सरकत राहते त्यामुळे आधी कॅलेंडर बघून घ्या. तंबूची भानगड नाही, बुर्गबेर्ग टेकडीच्या उतारावर झाडांखाली बाकडी, बिअर दगडी मगात, शेवटच्या दिवशी शेवटचं पिंप विधिवत पुरतात. मगाला इथे 'मास' म्हणतात, एक लिटर. महिना नाही आणि मटणही नाही, माझ्या आईला फोनवर "दोन मास घेतले" सांगितलं तेव्हा ती पाच मिनिटं गप्प होती.

कॅशिंगच्या दृष्टीने एर्लांगेनची गंमत अशी की फेस्टच्या अगदी पाठीमागे माइलवाल्ड नावाचं जंगल सुरू होतं. टेकडीवरच शिल्पांची बाग आहे, खाली गावात ह्युगेनो (फ्रान्समधून पळून आलेले प्रोटेस्टंट) लोकांनी 1686 पासून वसवलेला सरळ रस्त्यांचा भाग, राजवाड्याची बाग, बोटॅनिकल गार्डन. म्हणजे दुपारी दोनला माइलवाल्डात शिरायचं, चार-पाच डबे काढायचे आणि वरून उतरत उतरत फेस्टमध्ये यायचं. अडचण एकच, फेस्टच्या दिवसांत झाडीच्या कडेला लोक कशासाठी जातात ते मी लिहीत नाही, पण फेस्टला लागून असलेला पहिला शंभर-दोनशे मीटरचा पट्टा सोडून द्या. आत जा. वीकेंडच्या रात्री पोराटोरांची गर्दी इतकी होते की खांद्याला खांदा, त्यामुळे मधला वार, दुपार, हाच मुहूर्त.

आणि फोर्शहाइम, तीच एस-बान (लोकल ट्रेन) पकडून पुढे. आनाफेस्ट 26 जुलैच्या, म्हणजे संत आनाच्या दिवसाच्या आसपास असतो. मूळ गोष्ट मला फार आवडते. लोक त्या दिवशी शेजारच्या गावातल्या आनाच्या चॅपेलला पायी दर्शनाला जायचे, आणि परत येताना उन्हातून चालून घसा कोरडा पडला की वाटेतल्या जंगलात बिअरच्या तळघरांपाशी टेकायचे. 1840 पासून त्याचा रीतसर उत्सव झाला. फ्रिज नव्हते तेव्हा बिअर उन्हाळ्यात टिकवायला डोंगराच्या वालुकाश्मात भुयारं खोदलेली, त्यावर झाडांची सावली, आणि पिंप तिथेच असल्यावर बाकडीही तिथेच आली. अशी वीसेक केलर एका जंगलात आहेत, त्याचं नावच केलरवाल्ड. तळघर असूनही लोक 'केलरवर जातो' असं म्हणतात कारण ते डोंगरात वर आहे, म्हणजे तळघरात जायला चढ चढायचा.

दोन वर्षांपूर्वी मेहुणा आला होता, इस्लामपूरचा, त्याला घेऊन गेलो. सकाळी आधी वालबेर्लावर नेला, फोर्शहाइमहून छोट्या गाडीने दोन-तीन स्टेशनं, सपाट माथ्याचा डोंगर आहे, 532 मीटर, वर संत वालबुर्गाचं चॅपेल आणि खाली सगळी चेरीची झाडं. एका खडकाच्या फटीत डबा होता, जीपीएस सहा मीटर इकडे-तिकडे दाखवत होतं, अर्धा तास गेला. मेहुणा दगडावर बसून म्हणाला, "दाजी, लोकं हितं बिअर प्यायला येत्यात आन् तुम्ही डबडं हुडकायला." मी काही बोललो नाही. शेवटी त्यालाच सापडला, बसला होता त्याच दगडाच्या मागे, खारीने अर्धवट कुरतडलेलं झाकण, आतला कागद ओला, कोपऱ्यात कोणाच्या तरी पोराने ठेवलेला प्लास्टिकचा डायनासोर. त्यावर मग हा गडी पेटला. दुपारपर्यंत अजून सहा काढले, पायी चालून कपडे भिजलेले, आणि चारला केलरवाल्डात पहिला मग समोर आला तेव्हा मी त्याला चॅपेलची गोष्ट सांगितली. म्हणाला, "म्हंजी देवदर्शन करून येताना बसायचं, मग आपल्याकडं येगळं काय हाय?"

म्हणूनच मी फोर्शहाइम म्हणतो, तिथे कॅशिंग आणि फेस्टमध्ये भिंत नाही. चालणं, जंगल आणि मग बिअर हा क्रम त्या जागेतच आहे. म्युनिकमध्ये तो तुम्हाला ओढूनताणून बसवावा लागतो, एर्लांगेनमध्ये बसतो पण गर्दी बघून.

तोटे पण सांगतो. फोर्शहाइमला मुद्दाम भारतातून कोणी येत नाही, ऑफिसात फोटो दाखवलात तर हे कुठलं असं विचारतील. जंगल म्हणजे गोचिडी, बायर्नच्या (म्हणजे बव्हेरिया, ही तिन्ही गावं ज्या राज्यात आहेत ते) बहुतेक जिल्ह्यांत त्यातून मेंदूज्वराचा धोका मानतात, लस असते पण तिचे डोस आधीपासून घ्यावे लागतात, नाहीतर फुल पँट, मोज्यात खोचून, आणि रात्री अंग तपासा. एर्लांगेनलाही हेच. म्युनिकच्या पार्कात त्या मानाने कमी, पण उंच गवतात शिरलात तर तिथेही बघा.

पैशाचं म्हणाल तर म्युनिकमध्ये 2025 ला एक लिटर साडेचौदा ते पंधरा युरो ऐंशी सेंटपर्यंत होतं, फ्रँकोनियात (बायर्नचा उत्तरेकडचा भाग), म्हणजे एर्लांगेन आणि फोर्शहाइम दोन्हीकडे त्याहून कमी. हॉटेलचं तर विचारूच नका, ऑक्टोबरफेस्टच्या दिवसांत म्युनिकची खोली बघून मी तीनदा पेज रिफ्रेश केलं होतं. संध्याकाळी टेबल पाहिजे तर रिझर्व्हेशन, तेही बहुतेक ग्रुपसाठी. शाकाहारी असाल तर तिन्हीकडे ब्रेझल, ओबाट्सडा नावाचं चीज, आणि मीठ लावलेला पातळ कापलेला मुळा मिळतो, मुळा खरंच मस्त लागतो. नॉनव्हेजवाल्यांनी फ्रँकोनियात पावात तीन छोटी सॉसेजेस घ्यावीत.

श्टुटगार्टचा कानश्टाटचा फेस्ट पण कोणीतरी विचारेलच. 1818 चा, 1816 च्या दुष्काळानंतर राजाने सुरू केलेला, मोठा आणि छान, पण मैदान, तंबू, गर्दी, कॅशरच्या नजरेने ते म्युनिकचंच धाकटं भावंड.

एक गोष्ट मात्र तिन्हीकडे सारखी. 2024 च्या शेवटापासून जर्मनीत जत्रा-उत्सवात चाकू न्यायला बंदी आहे, त्यामुळे टूलकिटमधला छोटा चाकू घरीच. आणि पिऊन ई-स्कूटर चालवू नका, इथे ती कायद्याने मोटारगाडीच धरतात, रक्तात दर हजारी 0.5 अल्कोहोलची मर्यादा, फेस्ट बिअर सहा टक्क्यांच्या आसपास असते, एक मास पोटात गेला की बऱ्याच जणांचं गणित तिथेच संपतं. बायर्न-तिकीट (लोकल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) काढा, पाच जणांपर्यंत चालतं, मधल्या वारी सकाळी नऊनंतर.

सप्टेंबरमध्येच (नाव काहीही असो, ऑक्टोबरफेस्ट तेव्हाच सुरू होतो) येणार असाल आणि तारखा बदलत नसतील तर असं करा. पहिला दिवस म्युनिक, मधला वार, सकाळी दहाला फेस्टमध्ये, रिकाम्या हाताने, दुपारी तीनला बाहेर. दुसऱ्या दिवशी लोकल गाडीने फोर्शहाइम, वालबेर्ला चढा, डबे काढा आणि उतरून केलरवाल्डात जा, फेस्ट नसला तरी काही केलर उघडी असतात, आणि बायर्नच्या बिअर गार्डनमध्ये आपला डबा आपण नेण्याची जुनी पद्धत आहे, मेहुण्याने तिथे थालीपीठ खाल्लंय. निघायच्या आधी प्रत्येक कॅशचा शेवटचा लॉग कधीचा आहे ते बघा, महिनोन् महिने कोणाला सापडला नसेल तर सोडून द्या. आणि पेन स्वतःचं आणा, छोट्या डब्यांत पेन मावत नाही, आणि ओल्या कागदावर जेल पेन चालत नाही, शिसपेन्सिलच.